कोरी जीन पँट

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा किमान वेतन, किंवा यंत्रमागाच्या धंद्याची स्थिती, असे काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही चिठ्ठीवर ‘कोरी जीन पँट’ असे लिहून दिले. चालकांपैकी एका गृहस्थांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि हा विषय कॉलेजातल्या पोरांचा, तो आपला कसा, असे नम्रपणे विचारले. आमचे उत्तर असे की, मजुराच्या अंगासाठीच म्हणून जे वस्त्र जन्माला आले, ते आज नवे असतानाच जुने दिसावे एवढ्यासाठी दुसऱ्या मजुराला आपली फुप्फुसे झिजवावी लागतात. कामगारांत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून जवळचा विषय कोणता?

कोरे कापड म्हणजे काय हे खानदेशात सांगायला नको. मागावरून उतरलेले, अंगात अजून खळ असलेले, पाणी न लागलेले ते कोरे. परंतु दुकानात टांगलेली जीन पँट बहुधा कोरी नसते. शिवून झाल्यावर ती कारखान्यात धुतलेली, घासलेली, रसायनाने उडवलेली असते. मांडीवर पांढरे पट्टे आणि गुडघ्यावर भोके पाडूनच ती आपल्या हाती येते. कोरी पँट याच्या उलट. ती गर्द निळी, जवळजवळ काळपट, आणि अशी ताठ की जमिनीवर उभी केली तर क्षणभर उभी राहील. तिचे जुने होणे हे सर्वस्वी नेसणाऱ्याच्या अंगावर सोपवलेले असते.

ही पँट मूळची साहेबाची, आपल्याकडे ती उपरी, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्णपणे खरे नाही. मुंबईच्या किल्ल्याबाहेर डोंगरी म्हणून जी वस्ती आहे तिच्या नावावरून जाड्याभरड्या सुती कापडाला युरोपियन व्यापारी ‘डंगरी’ म्हणू लागले असे मानतात. पुढे खलाशी आणि कारखान्यातले फिटर जे निळे कपडे घालीत त्यांनाही तेच नाव पडले. डेनिम हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि जीन हा इटलीतल्या जेनोआवरून आल्याचे सांगतात. तात्पर्य, या पँटीच्या नात्यागोत्यात आपलाही एक चुलता आहे.

जी रिव्हेट मारलेली पँट आज जगभर दिसते ती मात्र अमेरिकेतली. नेवाडा संस्थानात रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्याची पँट टिकत नाही, काहीतरी मजबूत शिवून द्या, म्हणाली. घोड्याच्या झुलींना ठोकण्याच्या तांब्याच्या रिव्हेटा त्याच्यापाशी पडल्या होत्या. त्या त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर मारल्या. कापड फाटायला सुरुवात होते ती तिथूनच. पेटंट घ्यायला त्याच्याजवळ पैसा नव्हता, म्हणून ज्याच्याकडून तो कापड घेई त्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला त्याने भागीदार केले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. शोध शिंप्याचा आणि नाव व्यापाऱ्याचे, हे आमच्या श्रोत्यांना नवलाचे वाटू नये. भांड्याला कडी बसवताना रिव्हेट का हवी, नुसते डाग देऊन का भागत नाही, हे सोनगीरच्या तांबट आळीतले लहान पोरही सांगेल. डेव्हिसने कापडाला लावले ते हेच शास्त्र.

आता कापडाकडे वळू. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल यांच्या भोंग्यांवर एके काळी गावोगावची घड्याळे लागत. तेव्हा ताणा आणि बाणा म्हणजे काय याचा खुलासा इथे करीत नाही. डेनिमची खूण एवढीच की ताणा निळा आणि बाणा पांढरा. बाण्याचे सूत ताण्याच्या तीन सुतांखालून आणि एकावरून जाते, म्हणून वरच्या अंगाला निळे अधिक दिसते, आतल्या अंगाला पांढरे, आणि कापडावर तिरप्या रेघा उमटतात. खरी गंमत रंगात आहे. ताण्याचे सूत निळीच्या कुंडातून काढले की ते पिवळट हिरवे असते. हवा लागताच निळे होते. असे अनेक वेळा बुडवायचे आणि हवेवर धरायचे. तरीही नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या सालीतच राहते. लाल मुळा कापून पाहा, बाहेर लाल आणि आत पांढरा; तसेच हे सूत. साल घासली की पांढरे उघडे पडते. जिथे घर्षण अधिक तिथे पांढरे अधिक. जीनच्या विटण्याचे सारे रहस्य एवढेच आहे.

(धोब्याची नीळ ही नव्हे. ती निराळी वस्तू. इथली नीळ म्हणजे आपल्या जुन्या भाषेतली गुळी. तिच्यासाठी बंगालच्या रयतेने १८५९ साली बंड केले. चंपारणात बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीला द्यावे लागत, म्हणून १९१७ साली गांधीजी तिथे गेले. १८९७ पासून जर्मनीत कारखान्यात बनलेली नीळ बाजारात येऊ लागली होती. आजच्या बहुतेक सगळ्या जीन्स त्या कृत्रिम निळीच्याच.)

आमची पहिली कोरी पँट १९९६ सालची. त्याच्या आदल्या वर्षी अहमदाबादच्या अरविंद मिलने ‘रफ अँड टफ’ नावाचे पाकीट बाजारात आणले होते. किंमत १९५ रुपये. आत पँटीपुरते डेनिम, चेन, बटण, रिव्हेटा आणि मागे लावायचा चामड्याचा तुकडा. पाकीट घ्यायचे आणि आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे. शहरातली तयार जीन ज्यांना परवडत नव्हती अशा आमच्यासारख्यांची त्याने सोय केली आणि गावच्या शिंप्याच्या मशीनलाही काम दिले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. आमच्या शिंप्याने कापड बोटांत धरून पाहिले आणि विचारले, “आप्पा, हाई कापड शे का पत्रा?” शिवताना त्याच्या तीन सुया मोडल्या. रिव्हेटा त्याला साधेनात, तेव्हा पँट आणि रिव्हेटा घेऊन आम्ही तांबट आळीत गेलो. ऐरणीवर पँट ठेवून चार ठोक्यांत काम झाले.

पुढचा प्रकार आमच्या अडाणीपणाचा. महिन्याने ती पँट आम्ही वडिलांच्या धोतराबरोबर सोड्याच्या गरम पाण्यात भिजत टाकली. धोतर आणि टोपी दोन्ही निळी झाली. वडील चार दिवस बोलले नाहीत, आणि लाल बावट्याचा माणूस निळा कसा झाला, अशी थट्टा युनियनच्या कचेरीत महिनाभर चालली. तेव्हापासून या विषयाचा आम्ही अभ्यास केला असे म्हणा.

पँट घेताना प्रथम विचारावे की कापड आटवलेले आहे की नाही. वडीलधाऱ्यांना थानाच्या काठावरचा ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकनाने १९३० च्या सुमारास कापड आधीच आटवून घेण्याची ती रीत काढली. आटवलेले डेनिम पुढे शेकडा एक ते तीन आटते. न आटवलेले शेकडा सात ते दहा, म्हणजे चाळीस इंची लांबीत तीन-चार इंच. असे कापड असेल तर शिवण्यापूर्वी ते साध्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून, न पिळता वाळवावे. आटवलेले असेल तर पाणी न लावता थेट नेसावे.

पहिले दोन महिने ती पँट त्रास देते. कंबरेला टोचते, गुडघ्यामागे काचते, पांढऱ्या गादीवर बसलात तर यजमानाचा रोष ओढवते. मग खळ मऊ पडते आणि सुरकुत्या आपली जागा धरतात. त्या जागा प्रत्येकाच्या निराळ्या. हमालाची पँट मांडीवर विटते, कारण पोते उचलताना तो ते मांडीवर टेकवतो. तांबटाची गुडघ्यावर विटते. आमच्या मागच्या खिशावर वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा चौकोन असा उमटला होता की पुस्तक घरी विसरलो तरी ते खिशात आहे असे सभासदांना वाटे.

धुण्याच्या बाबतीत टोकाची मते आहेत. शौकीन लोक सहा महिने, वर्षभर पाणी लावू नका म्हणतात. २०१४ साली तर लेव्ही स्ट्रॉस कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनीच आपली पँट वर्षभरात धुतली नसल्याचे जाहीर सभेत सांगितले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने पंधरा महिने न धुतलेली पँट तपासायला दिली. धुवून तेरा दिवस वापरलेल्या पँटीपेक्षा तिच्यावर जंतू फारसे अधिक निघाले नाहीत. हे सारे खरे, पण तो देश थंड. धुळे जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. घामाचे मीठ सुतात बसते, आग्रा रोडवरची धूळ त्यात मिसळते, आणि ती धूळ बारीक कानशीसारखी सूत कापीत राहते. न धुतलेली पँट आधी फाटते ती मांड्यांच्या सांध्यात, आणि ती याच कारणाने. आमचे मत असे: पहिली धुलाई दोन-तीन महिन्यांनी, पुढे हिवाळ्यात महिन्याने, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. मधल्या काळात डाग ओल्या फडक्याने पुसावा आणि पँट रात्री वाऱ्यावर टांगावी.

धुताना ती उलटी करावी. बादलीभर गार पाणी, रिठ्याचा फेस किंवा साधा मऊ साबण, अर्धा तास भिजवणे, हाताने दाबणे. धोपटणे नको, ब्रश नको, सोडा नको, पिळणे नको. आणि दुसरा कपडा त्या बादलीत नको. मीठ किंवा तुरटी घातल्याने रंग पक्का होतो हा समज निळीपुरता चुकीचा आहे. नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती घासून सुटते, म्हणून घासणे टाळणे हाच उपाय. वाळत घालावी ती सावलीत आणि उलटीच, कारण ऊनही निळीला खाते. कमी धुण्यात पाणीही वाचते. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली मांडलेल्या हिशेबात एका पँटीच्या जन्मापासून अखेरपर्यंत ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यात शेकडा ६८ कपाशीचे आणि शेकडा २३ घरच्या धुण्याचे. कपाशी पिकवणाऱ्या आणि टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने दोन्ही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. नवी पँट जुनी करण्याचे कारखान्यातले मार्ग तीन-चार. प्यूमिस दगडांबरोबर यंत्रात घुसळणे. पोटॅशियम परमँगनेट फवारून मांडीवरचा रंग उडवणे. पॉलिश पेपरने हाताने घासणे. आणि वाळूचा झोत मारणे. या शेवटच्या प्रकारात हवेच्या दाबाने रेती कापडावर मारतात. रेतीची बारीक पूड श्वासावाटे आत जाते, फुप्फुसात व्रण धरतात आणि माणसाला जिना चढवेनासा होतो. हा सिलिकोसिस. खाणीतल्या आणि दगड फोडणाऱ्या मजुरांचा म्हणून तो जुना ओळखीचा. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच तो सरकारला कळवण्याच्या रोगांत घातलेला होता. तुर्कस्तानात या शतकाच्या आरंभी तो पँट विटवणाऱ्या तरुण पोरांत निघाला. खाणीत वीस वर्षांनी होणारा रोग इथे थोड्या वर्षांत झाला, कारण बंद खोली आणि तोंडाला फार तर फडके. २००९ साली तुर्की सरकारने ही पद्धत बंद केली. पुढल्या वर्षी काही मोठ्या कंपन्यांनीही ती सोडल्याचे जाहीर केले.

आपल्या राज्यात जीन शिवण्याचे आणि धुण्याचे मोठे केंद्र उल्हासनगर. तिथल्या धुलाईचे पाणी वालधुनी नदीत जाई. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली. नदीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु आमच्या ओळखीचा एक पोरगा इकडून जाऊन एका धुलाई कारखान्यात फवारणीवर होता. नखे तपकिरी झालेली, डोळे सदा लाल, हजेरीकार्ड नाही. त्याचे काम सुटले तेव्हा त्याला ना नुकसानभरपाई मिळाली ना औषधपाण्याचा पैसा, कारण तो तिथे कामाला होता याचा कागदच नव्हता. त्याने आम्हाला विचारले, “आप्पा, नदीची बाजू कोर्टात मांडली, माझी कोण मांडेल?” मालकाशी आम्ही पुष्कळ पत्रव्यवहार केला, उत्तर आले नाही. तो आता धुळ्याला रिक्षा चालवतो.

कोऱ्या पँटीला हा फवारा लागत नाही, रेतीही लागत नाही. ती घेतल्याने कारखाने सुधारतील असे आम्ही म्हणणार नाही. ते संघटनेने आणि तपासनिसाने होते. शिवाय चांगली कोरी पँट आजकाल महाग पडते, हेही खरे. पण कापड आणून शिंप्याकडून शिवून घेण्याचा मार्ग अजून मोकळा आहे. दहा-बारा औंसी डेनिम आपल्या हवेला पुरे. चौदा औंसी घेऊन मे महिन्यात कोणी आम्हाला शिव्या देऊ नयेत.

शिवून घेताना खाली दोन इंच दुमड ठेवायला सांगावे. रिव्हेटा तांबटाकडून माराव्या. विरलेल्या जागी आतून त्याच पँटीच्या उरलेल्या कापडाचा तुकडा लावून धावदोरा घालावा, आपली आजी गोधडीला घाली तसा. जपानात निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याच्या याच टाक्याला साशिको म्हणतात आणि लोक तो फी भरून शिकतात. पोरांनो, घरी पॉलिश पेपर लावून धूळ नाकात घेऊ नका. ब्लीचमध्ये फरशीचे अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका. त्यातून निघतो तो क्लोरीन वायू.

आमची १९९६ ची पँट बारा वर्षे चालली. गुडघ्याला तीनदा, सांध्यात दोनदा ठिगळ लागले. तिचे उरलेले तुकडे घरच्या गोधडीत आहेत, आणि रिव्हेटा आमच्या शिंप्याने मागून घेतल्या.