पालक, हिराकस आणि आर्किमिडीज

माजूफळं कुटून भिजवायची, त्यात हिराकस घालायचा आणि दाटपणासाठी थोडा डिंक. बायझंटाईन साम्राज्यातल्या कितीतरी पोथ्या या शाईने लिहिल्या गेल्या. हिराकस म्हणजे लोहाचं लवण, आणि आपली सगळी गोष्ट या लोहाचीच आहे.

दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये कुणा लेखनिकाने आर्किमिडीजचे ग्रंथ चर्मपत्रावर उतरवले. पुढे १२२९ साली ती पानं खरवडली गेली, मधोमध दुमडून आडवी फिरवली गेली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. चर्मपत्र महाग, गणिताला गिऱ्हाईक नाही! १९०६ साली डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी निव्वळ भिंगाच्या आधाराने प्रार्थनांखालचा बराच मजकूर वाचला. क्षेत्रफळं आणि घनफळं शोधताना आपण मनात तराजू कसा धरतो, हे आर्किमिडीजने ज्यात उलगडून सांगितलं, तो ‘पद्धती’ हा ग्रंथ फक्त याच पोथीत तगला आहे.

नंतर पोथी दिसेनाशी झाली. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती २० लाख डॉलरला विकली गेली, तेव्हा तिला बुरशी लागली होती. शिवाय विसाव्या शतकात कुणीतरी काही पानांवर सोनेरी रंगात बनावट धर्मचित्रं काढून ठेवली होती. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात छायाचित्रं घेतली आणि बराच मजकूर वर आला. सोनेरी पानांपुढे मात्र तो प्रकाश हरला.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळ उवे बर्गमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ त्या काळात पालकाच्या मागे लागले होते. प्रकाशसंश्लेषणात धातू काय काम करतात, हे ते क्ष-किरणांनी तपासत. २००३ साली एका जर्मन मासिकात त्यांनी या पोथीबद्दल वाचलं. शाईत लोह आहे हे कळल्यावर त्यांच्या मनात आलं, की पानातला धातू शोधणं हेच तर आपलं रोजचं काम!

त्यांचं यंत्र मुळात यासाठी नव्हतंच. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवले, की वळणावर ते प्रकाश फेकतात. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रात तो प्रथम डोळ्यांना दिसला. कणांच्या टकरी घडवणाऱ्यांना ही ऊर्जेची नासाडी वाटे. स्टॅनफर्डचं ‘स्पिअर’ हे वर्तुळाकार यंत्रही अशा टकरींसाठीच बांधलेलं. त्यातून सांडणारे क्ष-किरण इतरांनी आधी उसनवारीवर वापरले, आणि शेवटी ते यंत्रच प्रकाशवाल्यांचं झालं.

२००५ साली पोथीची पानं तिथे पोचली. केसाएवढा बारीक झोत पानावरून ओळीओळीने फिरे. क्ष-किरण लोहाच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतो. ती जागा भरताना अणू लोहाची खूण असलेला क्ष-किरण सोडतो. खरवडल्याने वरची शाई जाते, पण कातड्यात मुरलेलं लोह तिथेच राहतं. सोनेरी रंग या किरणांना अडवू शकत नाही. अडचण वेगळीच होती. प्रार्थनांच्या शाईतही लोह, पानाच्या पाठीमागच्या मजकुरातही लोह. सगळी अक्षरं एकदम उजळली आणि एकमेकांत गुंतली. यंत्राने चित्र दिलं. त्यातली ग्रीक अक्षरं सोडवायला जाणकारांना डोळे फोडावे लागले.

आपल्याकडच्या काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्यांवर ही युक्ती चालणार नाही. काजळ म्हणजे कार्बन. त्याची खूण इतकी क्षीण, की ती हवेतच विरते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांचं दुखणं हेच: कोळशावर काजळ. ब्रिटनच्या ‘डायमंड’ या क्ष-किरण केंद्रात त्यांचं अंतरंग टिपलं गेलं आणि शाईचा पोत ओळखायला संगणकाला शिकवावं लागलं. २०२३ साली न उलगडलेल्या गुंडाळीतून पहिला शब्द हाती आला: ‘जांभळा’ या अर्थाचा.

स्टॅनफर्डला २००६ साली प्रार्थनापोथीचं पहिलं पान झोताखाली ठेवलं गेलं. ते इतकं झिजलं होतं, की डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. लोहाच्या खुणा जुळवल्यावर एक नाव उमटलं: इओआनिस मिरोनास. सोबत तारीख, १२२९ सालच्या एप्रिलची. आर्किमिडीजवर प्रार्थना लिहिणाऱ्याची ती सही होती.