थेंब दिसतो एकीकडे, वाट असते दुसरीकडे

खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. तिथल्या टर्बाइनमधून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेला मिळते, खालापूर तालुका ओलांडून धरमतरच्या खाडीत उतरते आणि रेवसजवळून मुंबईच्या बंदरात जाते. घाटपायथ्याच्या कर्जत-खालापूरचा समुद्राशी संबंध असा लांबचाच. पण या दोन तालुक्यांतली घरे आणि बंदरात नांगरलेल्या जुन्या शिडाच्या होड्या यांचे एक दुखणे मात्र अगदी सारखे आहे, ते म्हणजे गळकी खिडकी. होडीवाल्यांनी त्यावरचा उपाय फार कसोशीने घडवला आहे, आणि तो घरांनीही शिकावा इतका पक्का आहे.

पाणी नेहमी सांध्यातून शिरते, हे समजून घ्यायला मुंबईतच बांधलेल्या ‘सुहैली’चे उदाहरण उत्तम. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ही ३२ फुटी होडी इथल्या सुतारांकडून सागवानात बांधून घेतली. वाकस आणि सामता अशा पारंपरिक हत्यारांनी घडलेली ही होडी डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातून तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तिथेच परतला. एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

या प्रवासात होडीच्या सागवानाने दगा दिला नाही, सांध्यांनी मात्र त्रास दिला. सुरुवातीलाच तळाच्या कण्यालगतच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने भर अटलांटिकमध्ये बुड्या मारून फटींत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी लावली आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पुढे दक्षिण महासागरात एका लाटेने होडी आडवी केली. त्या धक्क्याने केबिन जागची हलली आणि केबिन व डेक जिथे मिळतात तिथून पाणी झिरपू लागले.

फायबरग्लासची होडी आली आणि फळ्यांचे सांधे गेले. उरले ते खिडक्या, झडपा आणि डेकवर बोल्टने बसवलेल्या वस्तू. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक होड्यांना काचेऐवजी ॲक्रिलिकचे तावदान आहे. कुठे ते रबराच्या पट्टीसह ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेले असते, कुठे थेट केबिनच्या भिंतीवर स्क्रूने आवळलेले. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर कडक होते, सीलंटची पकड सुटते. ॲक्रिलिक उन्हात फुगतेही बरेच. तापमान ३० अंशांनी चढले, तर एक मीटर लांबीचे तावदान सुमारे दोन मिलिमीटर वाढते. त्यामागची फायबरची भिंत त्याच्या निम्मीही वाढत नाही. रोजच्या या ओढाताणीत सांधा सुटतो, आणि स्क्रू घट्ट असेल तर भोकापासून तावदानाला तडा जातो.

खरी हानी डोळ्यांआड होते. केबिनच्या भिंतीत बाहेरचा आणि आतला फायबरचा थर यांच्यामध्ये बऱ्याचदा प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असते. चौकटीतून शिरलेले पाणी त्या लाकडात मुरते, उताराने सरकते आणि खिडकीपासून हातभर लांब, बिछान्यावर टपकते. थेंब पडला त्याच्या बरोबर वर सीलंट फासणाऱ्याची मेहनत म्हणूनच फुकट जाते. गळती शोधायची तर आतली बाजू कोरडी पुसून चौकटीभोवती टिश्यू पेपर चिकटवावा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने बारीक धार सोडावी. धार आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी वर. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि वाट कळत नाही. कागद जिथे पहिल्यांदा ओला होतो, तिथून शोध सुरू करावा.

दुरुस्ती म्हणजे खिडकी पूर्ण उतरवणे. याला पर्याय नाही. बाहेरून फिरवलेली सिलिकॉनची रेघ जेमतेम एक पावसाळा काढते आणि पुढचे काम दुप्पट करते, कारण जुन्या सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. ते शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढावे लागते. मग टोच्याने लाकूड तपासावे. टोच्या सहज आत गेला तर तो कुजका भाग कोरून, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरावा. ॲक्रिलिक पुसायला ॲसिटोन कधीच वापरू नये, त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. सीलंट निवडतानाही पारख हवी. डेकवर उत्तम टिकणारे पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला बाधते. तिथे ॲक्रिलिकला चालणारे न्यूट्रल सिलिकॉन किंवा कायम मऊ राहणारी ब्यूटाइल टेप लावावी.

तावदान बसवण्याचा क्षण हातोटीचा. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात, म्हणजे तावदानाला हलायला जागा मिळते. मागे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे ठेवून वर सीलंटचा सलग थर देतात आणि तावदान हलकेच दाबतात. सीलंट चारही कडांनी सारखे बाहेर आले की हात थांबवायचा. नवशिका इथेच जोर लावून स्क्रू आवळतो, सगळे सीलंट बाहेर पिळून जाते आणि ताण घेणारा मऊ थरच शिल्लक राहत नाही. सीलंट वाळून रबरासारखे झाल्यावरच स्क्रू बेताने घट्ट करायचे. पाणी अडते ते या लवचिक थरामुळे, स्क्रूच्या जोरामुळे नाही.

या कामाचे मोल मला याच गोष्टीत वाटते. ते घाईला आणि ताकदीला दाद देत नाही. खोलणे, साफ करणे, वाळवणे, वाट पाहणे यांतच त्याचा मोठा भाग जातो, आणि तयार झालेल्या खिडकीत त्यातले काहीच दिसत नाही.

कर्जतच्या फार्महाउसच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीला आणि खालापुरातल्या जुन्या घराच्या लाकडी चौकटीलाही हाच नियम लागू आहे. भिंतीवर ओल आली की तिथे रंग मारू नका, पाण्याची वाट वर शोधा. खालच्या पन्हळीतली पाणी बाहेर सोडणारी भोके मातीने बुजली असतील तर आधी ती मोकळी करा, पुष्कळदा गळती तेवढ्यानेच थांबते. चौकट आणि भिंत यांमधले जुने सीलंट पूर्ण काढून मगच नवे भरा. आणि हे सगळे एप्रिल-मे महिन्यांत, भिंती कोरड्या असताना उरका. मृग लागल्यावर ओल्या फटीत भरलेले सीलंट टिकत नाही.