कोयनेची भेग आणि धरणाचं गणित

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनानगर भूकंपाने हादरलं. तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. सुमारे १८० माणसं दगावली आणि वस्तीतली घरं कोसळली. १०३ मीटर उंचीचं कोयना धरण मात्र उभं राहिलं, आणि त्यामागे शिवसागर जलाशय जवळपास काठोकाठ भरलेला होता. उजाडल्यावर अभियंत्यांना भिंतीवर आडव्या भेगा दिसल्या. जलाशयाच्या अंगालाही आणि खालच्या अंगालाही. बहुतेक भेगा एकाच पातळीवर होत्या, पायापासून सुमारे ६६ मीटरवर. तिथे भिंतीच्या खालच्या अंगाचा उतार एकदम मोडतो आणि वरचा भाग जवळजवळ सरळ उभा चढतो. काही ठिकाणी तिथून पाणीही झिरपत होतं.

भिंत नेमकी तिथेच का चिरली, हे समजायला आधी धरण उभं कसं राहतं ते पाहावं लागतं.

कोयनेसारखं धरण निव्वळ वजनावर तग धरतं. १०० मीटर खोल पाणी तळाशी दर चौरस मीटरला १०० टन दाब देतं. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण ५,००० टनांचा रेटा येतो, आणि तो पायापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. उभ्या कपाटाला ढकललं की आपल्याकडची कड उचलली जाते, तशी भिंतीची जलाशयाकडची टाच उचलली जाऊ पाहते. दगड-चुन्याचं बांधकाम दाब हवा तेवढा सोसतं. ताण त्याला जवळजवळ सोसत नाही. टाच उचलली की सांधा उघडलाच.

या गणिताच्या इतिहासात मुंबईचं नाव आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी उंच दगडी धरणाचा विचार चालू असताना नगरपालिकेचे अभियंता कॅप्टन टुलॉक यांनी ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांचा अहवाल १८७२ साली छापून आला आणि जगभर वाचला गेला. बांधकामात कुठेही ताण येऊ द्यायचा नाही, ही त्यांची अट. वजन आणि रेटा यांची मिळून होणारी रेषा प्रत्येक पातळीवर भिंतीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातच राहिली, तर ती अट पाळली जाते. मधला तिसरा हिस्सा हा नियम अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही पाठ करतात. त्यातले फारच थोडे त्याच्यामागची मुंबईची तहान जाणतात.

त्रिकोणी छेदाचं आणि पाण्याच्या २.४ पट जड दगडकामाचं १०० मीटर उंच धरण घेतलं, तर या नियमाने पायाची रुंदी सुमारे ६५ मीटर निघते. एवढं गणित कागदावर एका पानात मावतं, आणि त्या काळच्या अभियंत्यांना ते पुरेसं वाटत होतं.

ते पुरेसं नाही हे दाखवलं फ्रान्समधल्या बूझे धरणाने. धरण बेताचंच, बावीसेक मीटर उंच. १८८४ मध्ये भिंतीचा काही भाग फूटभर पुढे सरकला. दुरुस्ती झाली, पाणी पुन्हा भरलं. २७ एप्रिल १८९५ ला वरचा भाग सुमारे पावणेदोनशे मीटर लांबीत तुटून वाहून गेला. ऐंशीहून अधिक बळी गेले.

पाणी भिंतीला पुढे ढकलतं हे सगळ्यांनी धरलं होतं. पण ते फटींत आणि सांध्यांत शिरून भिंतीला वरही उचलतं. अभियंते त्याला अपलिफ्ट म्हणतात. ही उचल पूर्ण धरली तर वरच्याच उदाहरणात पायाची रुंदी ६५ वरून ८४-८५ मीटरवर जाते. एवढा दगड परवडायचा कुणाला? म्हणून भिंतीच्या पोटात गॅलरी आणि निचऱ्याची भोकं आली. शिरलेलं पाणी वाट करून काढून द्यायचं, म्हणजे दाब फारसा साठत नाही. मोठ्या धरणाच्या गॅलरीत गेलं की पायाशी नाली वाहताना दिसते. पाहुणा गळती समजून दचकतो, पण ती नाली धरणाच्या हिताचीच असते.

कोयनेच्या वेळी हे सगळं माहीत होतं. भूकंपही हिशेबात होता, पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. धरणाच्या वजनाचा पाच टक्के आडवा रेटा पायापासून माथ्यापर्यंत सारखाच धरायचा आणि भिंत तो सोसते का पाहायचं. प्रत्यक्षात धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने नोंदवलेला नदीच्या दिशेचा धक्का गुरुत्वाच्या जवळपास निम्मा निघाला. शिवाय भिंत हलते तेव्हा माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलतो, आणि जाडी जिथे एकाएकी कमी होते त्या मानेवर सगळा ताण एकवटतो. कोयनेला ही मान का आली, त्याचंही कारण आहे. दोन टप्प्यांत बांधायचं धरण काम चालू असतानाच एका टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचं ठरलं आणि छेद नेहमीपेक्षा वेगळा झाला. सांडव्याच्या भागाला अशी मान नव्हती, तिथे नुकसान किरकोळ झालं.

बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये ही भिंत संगणकावर हलवून पाहिली. पद्धत होती फायनाइट एलिमेंट, म्हणजे धरणाचे छोटे छोटे तुकडे कल्पून प्रत्येकाचा ताण मोजण्याची. सर्वांत जास्त ताण आला तो उतार मोडतो तिथेच. एका जागी उभी राहणारी भिंत मोजण्यापासून झुलणारी भिंत मोजण्यापर्यंतचा हा प्रवास संगणकावाचून झालाच नसता. शंभर वर्षांपूर्वीचं एक पानी गणित इथे कामाचं नव्हतं. आज अबॅकस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयना धरण आहे, आणि त्या पहाटेचा भूकंपलेख परदेशातले विद्यार्थीही आपल्या मॉडेलला देऊन भेग उगवते का ते पाहतात. इकडे भेगांत इपॉक्सी भरलं गेलं आणि खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन मान जाड केली गेली.

भूकंप मात्र थांबलेले नाहीत. १९६२ पासून जलाशय भरू लागल्यावर या भागात धक्के वाढले, म्हणून जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगातलं ठळक उदाहरण मानतात. कोयना परिसरात बेसाल्ट फोडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आहे. खडकाच्या भेगांत पाण्याचा दाब किती, आणि पावसाळ्यागणिक तो बदलतो का, हे तिथे तपासायचं आहे. बूझेच्या सांध्यांत शिरलेलं पाणी भिंत उचलत होतं. खोल खडकातलं पाणीही भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल करतं, असा संशोधकांचा कयास आहे. फरक एवढाच, की तिथे निचऱ्याची भोकं पाडता येत नाहीत.