खाजणातील खेकडापालन : एक जोडधंदा

कोकणातील आमच्या अनेक बौद्धवाड्यांच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे एकतर डोंगराची वरकस, नाहीतर खाडीकडेची. खाडीचा बांध एकदा फुटला की भातात खारे पाणी शिरते आणि ते शेत वर्षानुवर्षे पडून राहते. मुंबईची वाट धरावी, तर १९८२ च्या संपानंतर गिरणीचा आधारही सुटला. अशा पडीक खाजणात चिंबोऱ्या, म्हणजे मालवणी मुलखातल्या कुर्ल्या, पाळता येतात का, अशी विचारणा संघाच्या काही तरुण सभासदांनी केली. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

आपल्या खाड्यांत चिखलातल्या खेकड्याच्या मुख्यतः दोन जाती मिळतात. मोठी, हिरवट ती सिला सेराटा आणि लहान, तांबूस ती सिला ऑलिव्हेशिया. (१९९८ मध्ये या जातींची नव्याने फोड झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत नावांची अदलाबदल आढळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) तळ्यासाठी मोठी जात बरी, कारण ती किलोच्या वर जाते आणि परदेशी जाणाऱ्या जिवंत मालात वजनालाच भाव आहे.

या धंद्यातला नफा आणि तोटा दोन्ही एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे कात टाकणे. खेकड्याचे कवच वाढत नाही. म्हणून जुने कवच सोडून तो मऊ अंगाने बाहेर येतो, पाणी शोषून फुगतो आणि मग नवे कवच कडक होते. या मऊ अवस्थेत शेजारचा खेकडा त्याला खाऊन टाकतो. तळ्यात सोडलेल्या पिलांपैकी निम्मी हाती लागली तरी पीक बरे मानतात. यासाठी तळाशी कौले, पाइपचे तुकडे, जुने टायर टाकून लपायला जागा करावी लागते, पिले विरळ सोडावी लागतात आणि सारख्या आकाराची एकत्र ठेवावी लागतात. काठाने जाळीचे कुंपणही हवे, कारण खेकडा रात्री बांध चढून निघून जातो.

कवच नवे असताना आत मांस कमी आणि पाणी जास्त असते. तोच बाजारातला पोकळ खेकडा. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्याकडे सर्रास मानतात. पण पोकळपणा कात टाकून किती दिवस झाले यावर असतो, आणि अमावास्येलाही पोकळ चिंबोरी टोपलीत निघते. पंचांग पाहण्यापेक्षा पोटाकडचे कवच अंगठ्याने दाबून पाहावे. ते दबले तर पोकळ. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी हे कालाम सुत्तात आपण वाचतोच, ते बाजारातही उपयोगी पडते.

हे पोकळ खेकडे स्वस्तात घेऊन, खोक्यात किंवा पिंजऱ्यात एकेकटे ठेवून, तीन-चार आठवडे खाऊ घालून भरवणे हा या धंद्याचा सोपा प्रकार. खाद्य म्हणजे हलकी मासळी, कोलंबीची डोकी, शिंपल्यांचे मांस. ते रोज खेकड्यांच्या वजनाच्या सुमारे ८ ते १० टक्के द्यावे आणि उरलेले सकाळी काढून टाकावे, नाहीतर पाणी कुजते. भरतीचे पाणी उघाडीतून आत-बाहेर खेळते ठेवणे हे निम्मे काम आहे.

पिलांपासून वाढवायचे तर सहा ते आठ महिने लागतात आणि प्रश्न येतो बियाण्याचा. मादी अंडी घेऊन समुद्रात जाते. अंडी लाखांनी असतात, पण झोइया नावाच्या पाच अवस्था व मेगालोपा पार करून पिलू होईपर्यंत त्यांतली फारच थोडी तगतात. म्हणून खाडीतली पिले वेचून तळी भरणे म्हणजे पुढच्या वर्षीची मासेमारी आजच उपसणे होय. तामिळनाडूत थोडुवाई येथे राजीव गांधी जलकृषी केंद्राने खेकड्याची उबवणी केली आहे. बियाणे अशा ठिकाणचेच घ्यावे, आणि अंडी असलेली मादी जाळ्यात आली तर ती सोडून द्यावी.

आमचे काही ज्येष्ठ उपासक पहिल्या शीलाचा प्रश्न काढतात. तो टाळण्याजोगा नाही. वणिज्जा सुत्तात उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत मांसाचा व्यापार आहे. बाबासाहेबांनी मात्र 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे असा भेद केला आहे. ज्याने त्याने ठरवावे. पण रविवारी चिंबोरीचे कालवण खाऊन सोमवारी खेकडे पाळणाऱ्या पोराला शील शिकवणे आम्हाला पटत नाही.

कायदाही पाहावा. तिवरांची तोड करून तळे खणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाला संरक्षण दिले आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्यानुसार खाऱ्या पाण्यातील शेतीला नोंदणी लागते. कांदळवनाच्या गावांत राज्य शासनाने २०१७ मध्ये उपजीविका योजना आणली. तिच्यात गटांना खेकडापालनासाठी साहाय्य मिळते, आणि पाळीपाळीने राखण करावी लागत असल्याने हे काम गटालाच परवडते.

राहिले कर्ज. बँकेच्या टेबलामागे बसून असे प्रस्ताव आम्ही पाहतो. शंभर पिले सोडली आणि नव्वद विकली असे ज्यात मांडले आहे तो अहवाल कोणी पैसे घेऊन करून दिलेला असला तरी बाजूला ठेवावा. सातबारावर दहा नावे असतात, तेव्हा सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. पहिल्या वर्षी तळ्यासाठी कर्ज न काढता पिंजऱ्यांपुरतेच काढावे. पोकळ माल महिन्याभरात भरून विकला जातो, पिलांचा सहा महिन्यांनी निघतो; म्हणून तळ्याचे कर्ज घेताना हप्ता दरमहा न ठेवता माल निघण्याच्या महिन्याला ठेवावा, असे अर्जातच लिहून द्यावे.