पाणी ओसरल्यावर काय?

सुट्टीत आम्ही मुलांसोबत १९९६ चा ‘इंडिपेंडन्स डे’ आणि २०१६ मध्ये आलेला त्याचा दुसरा भाग पुन्हा पाहिला. पहिल्याने ८० कोटी डॉलरहून अधिक कमावले, दुसऱ्याने त्याच्या निम्मेही नाही. यान मोठे झाले, पण विल स्मिथ नव्हता आणि कथा फिकी पडली. तरी दुसऱ्यातली एक गोष्ट आवडली: परग्रहवासीयांना हरवल्यावर वीस वर्षे देश आपसात लढलेले नाहीत.

धाकटीने विचारले, “शत्रू आल्यावरच एकत्र यायचं का?”

आम्ही २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवला. तेव्हा पंचगंगेने कुणाची जात, धर्म पाहिला नाही. मदत करणाऱ्यांनीही नाही.

“आणि पाणी ओसरल्यावर?”

याचे उत्तर आपल्या वागण्यातूनच द्यावे लागेल.