हस्तलिखितांचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं मांडण्याची रीति

जुन्या कागदांच्या अभ्यासांत वादाचे जे प्रसंग येतात, त्यांतील पुष्कळांचा निकाल शेवटीं चित्रांच्या एका पृष्ठावर लागतो. दोन पत्रें एकाच कारकुनाच्या हातचीं आहेत कीं नाहींत, एक पोथी दुसरीवरून उतरली कीं काय, अमुक शिक्का अस्सल कीं बनावट, याविषयीं लेखकानें दहा पृष्ठें मजकूर लिहिला तरी वाचक आधीं चित्रें पाहतो आणि मनाशीं निर्णय करून टाकतो. तेव्हां चित्रांची मांडणी हा केवळ शोभेचा प्रश्न नसून पुराव्याचा प्रश्न आहे. अलीकडे कित्येक संग्राहक आपले लेख लाटेक नांवाच्या पद्धतीनें स्वतःच जुळवूं लागले आहेत, आणि दोन चित्रें एका ओळींत बसत नाहींत ही त्यांची तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. त्यासाठीं त्या रीतीचें मर्म येथें थोड्या विस्तारानें सांगतों.

या पद्धतीचें मूळ जें टेक, तें डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन पंडितानें १९७७ सालीं आरंभिलें. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें ओबडधोबड आलेलीं पाहून त्यानें हा खटाटोप केला. त्याच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यानें लाटेक रचिलें. आणि २००४ सालीं जोनाथन क्यू याचें झीटेक निघाल्यावर नागरी मजकूर युनिकोडमध्यें सरळ लिहून छापणें सुकर झालें. या पद्धतींत लेखकाची फाईल म्हणजे निव्वळ साधा मजकूर असतो. चित्र तींत नसतें. चित्राच्या फाईलीचें नांव आणि तें किती रुंद छापावें हें सांगणारी आज्ञा तेवढी असते. (या आज्ञा फाईलींत रोमन अक्षरांनींच लिहावयाच्या असतात, येथें आम्हीं त्या उच्चाराप्रमाणें नागरींत दिल्या आहेत.)

आतां मुख्य गोष्ट. खिळ्यांच्या छापखान्यांत चित्राचा ब्लॉक लाकडावर ठोकून टायपाच्या उंचीचा करीत व इतर खिळ्यांबरोबर चौकटींत आवळीत. जुळाऱ्याच्या दृष्टीनें तो एक मोठा खिळाच असे. टेकही चित्राकडे याच दृष्टीनें पाहतें. त्याच्या लेखीं प्रत्येक अक्षर ही एक पेटी आहे, आणि इन्क्लूडग्राफिक्स या आज्ञेनें आणलेलें चित्र ही तशीच, पण मोठी पेटी. ओळींत जागा असली तर ती आधीच्या पेटीच्या शेजारीं बसते, नसली तर खालच्या ओळीवर उतरते. म्हणून दोन चित्रें शेजारीं बसविण्यास निराळी आज्ञा मुळींच लागत नाहीं. दोन आज्ञा लागोपाठ लिहिल्या म्हणजे पुरे.

मग चित्र खालीं कां घसरतें? कारणें बहुधा दोन. पहिलें, दोन आज्ञांमध्यें एक ओळ रिकामी सोडलेली असते. रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद, असा येथील नियम. दुसरें कारण डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून अधिक छळतें. फाईलींतील ओळ जेथें संपते, तेथें टेक शब्दांमधील अंतर धरतें. प्रत्येक चित्राची रुंदी ओळीच्या बरोबर निम्मी दिली असतां मध्यें हें लहानसें अंतर वाढतें, बेरीज ओळीहून जास्त होते आणि दुसरें चित्र खालीं जातें. वेदपाठ शिकलेल्यांस हें चटकन् कळेल: आपल्या मनांत संहिता असते आणि यंत्र पदपाठ म्हणत असतें. उपाय असा कीं, पहिल्या आज्ञेच्या अखेरीस शेकड्याचें चिन्ह घालावें. म्हणजे त्यापुढील ओळीचा शेवट यंत्र वाचीत नाहीं. किंवा त्याहून बरें म्हणजे, प्रत्येक चित्रास ओळीच्या ०.४८ इतकी रुंदी द्यावी आणि मध्यें एचफिल ही आज्ञा लिहावी. उरलेली जागा ती आपोआप भरते. तीन चित्रें असतील तर ०.३१ ठीक पडतें.

प्रत्येक चित्राखालीं स्वतंत्र मथळा पाहिजे असेल, आणि आमच्या कामांत तो पाहिजेच, तर चित्र व मथळा मिळून एक लहान पृष्ठ करावें लागतें. सबकॅप्शन या जोडणीतील सबफिगर हें तेंच काम करतें, आणि अशीं दोन-तीन लहान पृष्ठें एका फिगरच्या पोटांत घालतां येतात. सबफिगर याच नांवाची एक जुनी जोडणीही आहे; ती आतां टाकाऊ ठरली असून सबकॅप्शनबरोबर तिचें जमत नाहीं. जुन्या फाईलींची नक्कल करणारांनीं एवढें पाहून घ्यावें. रिकाम्या ओळीचा नियम या लहान पृष्ठांनाही लागू आहे. मजकुरांतून चित्राचा उल्लेख करण्यासाठीं जी लेबल ही खूण ठेवतात, ती मथळ्याच्या नंतर लिहावी. आधीं लिहिल्यास चुकीचा अंक येतो.

चित्रांच्या कडा जुळविण्याच्या बाबतींत नागरी लिहिणाराची हटकून फसगत होते. आपलें अक्षर शिरोरेषेला टांगलेलें असतें. टेकचें अक्षर पायाच्या रेषेवर उभें राहतें. चित्राचा पाया म्हणजे त्याची खालची कड. त्यामुळें लहान पृष्ठास 'वर' या अर्थाची टी ही खूण दिली तरी जुळतात त्या चित्रांच्या खालच्या कडा, कारण पहिल्या ओळीचा पाया तोच. हें पुष्कळदां सोयीचेंच असतें, कारण दोन्ही मथळे एका रेषेत सुरू होतात. परंतु दोन पत्रांचे मायने समोरासमोर आणावयाचे असतील, तर टी ठेवूनच प्रत्येक लहान पृष्ठाच्या आरंभीं शून्य उंचीची व्हीस्पेस द्यावी. मग वरच्या कडा जुळतात.

येथवर झालें तें जुळाऱ्याचें काम. संशोधकाचें काम प्रमाणाचें आहे, आणि येथेंच आम्हांस सर्वांत जास्त निष्काळजीपणा आढळतो. समजा, एक पत्र १४ सें.मी. रुंद आहे व दुसरें १० सें.मी. पृष्ठावरील ओळ १२.४ सें.मी. आहे. शोभेसाठीं दोन्ही चित्रें ६ सें.मी. रुंद केलीं, तर तोरणाच्या पानांसारखीं तीं एकसारखीं दिसतील खरीं. पण पहिलें पत्र मूळच्या ०.४३ झालें आणि दुसरें ०.६. म्हणजे दुसऱ्यांतील अक्षर पहिल्याच्या मानानें १.४ पट मोठें दिसणार. ज्याला दोन हातांचीं वळणें ताडून पाहावयाचीं आहेत, त्याच्या डोळ्यांत ही सरळ धूळफेक आहे, मग ती हेतुपूर्वक नसो. योग्य हिशेब असा: मधलें अंतर ०.४ वजा करतां १२ सें.मी. उरतात, मूळ रुंदींची बेरीज २४, म्हणून प्रमाण निम्मे. पहिल्यास ७ सें.मी. द्यावे, दुसऱ्यास ५, आणि मथळ्यांत 'मूळच्या निम्मे' असें स्पष्ट लिहावें. रुंदी सें.मी.मध्येंच सांगावी. स्केल नांवाची जी दुसरी आज्ञा आहे, तिच्यावर विसंबूं नये. ती फाईलींत नोंदलेल्या आकारास गुणते, आणि समोरचा कागद केवढा होता हें कॅमेऱ्याला ठाऊक नसतें. छपाईसाठीं इंचास ३०० बिंदू धरले, तर ७ सें.मी. चित्रास रुंदींत सुमारें ८३० बिंदू पुरतात.

सर्वच कागद शेजारीं शेजारीं ठेवावेत असेंही नाहीं. मोडी पत्राचा बंद अरुंद व उभा असतो. दोन-तीन बंद एका ओळींत सुखानें मावतात. पोथीचें पान आडवें असतें. तसलीं दोन पानें एका ओळींत कोंबलीं म्हणजे अक्षर मुंगीएवढें होतें आणि समासांतल्या शोधांचा तर मागमूसही राहत नाहीं. तीं एकाखालीं एक ठेवावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. दोहोंतील एकच शब्द ताडावयाचा असल्यास तेवढेच तुकडे कापून, समान प्रमाणांत, शेजारीं द्यावेत.

कापण्याचें कामही आज्ञेनेंच करावें, चित्राच्या फाईलीवर कात्री चालवूं नये. ट्रिम या आज्ञेस डावी, खालची, उजवी व वरची या क्रमानें चार मापें देतात. तिच्या जोडीला क्लिप लिहिणें अवश्य आहे. नाहीं तर कापलेला भाग छापला जाऊन शेजारच्या चित्रावर चढतो. छायाचित्र घेतांना कागदालगत सें.मी.ची पट्टी ठेवलेली असावी. छापतांना ती ट्रिमनें वगळली तरी मूळ फाईलींत राहते. लेखाची फाईल व मूळ छायाचित्रें एकत्र जपून ठेविलीं असलीं, तर कोणता भाग कापला आणि कोणतें चित्र किती लहान केलें हें त्या चार ओळींवरून दुसऱ्या कोणासही पुढें केव्हांही मोजून पाहतां येतें.