आपल्या मनातला कर्ण

कार्ल युंगच्या मते आदिबंध हे सामूहिक नेणिवेतले साचे असतात. त्यांत रूप आणि आशय भरतो तो ज्या-त्या समाजाचा अनुभव. मराठी मनात, अन्याय झालेल्या गुणी माणसाच्या साच्यात कर्ण बसला आहे. त्यात शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चा (१९६७) वाटा मोठा.

मीही हा कर्ण जगलो आहे. बढतीत डावलला गेलो, तेव्हा 'सूतपुत्र' हा शब्द मनातल्या मनात स्वतःला लावून घेतला आणि वर्षभर घरच्यांना टोचून बोलत राहिलो. एकदा पत्नी म्हणाली, "अहो, तुमचा हा कर्ण द्यूतसभेत काय करत होता?"

मी सभापर्व काढले. द्रौपदीला 'बंधकी' म्हणणारा, तिची वस्त्रे उतरवायला सांगणारा कर्णच होता. उलट, स्वयंवरात तिने त्याला सूत म्हणून नाकारल्याचा प्रसंग भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. मला मात्र तोच पाठ होता!

आदिबंध आपल्या दुःखाला आकार देतो, म्हणून तो हवासा वाटतो. पण त्याच्याशी पुरते एकरूप झाले की अहं फुगतो, असा इशारा युंगनेच दिला आहे. मग आपल्याला झालेली जखम तेवढी दिसते, आपण केलेली दिसत नाही.

कर्ण माझ्या मनात अजून आहे. आता तो द्यूतसभेसकट आहे.